एच

फोन रातच्या नऊले आला. तिडके साहेब म्हने,
शालिक, उद्या अकराले उतरते. चुना पाह्य.

मी बांधकाम खात्याचा मैलकुली.
सडकेचे खड्डे बुजवतो, बाभयी छाटतो,
मैलाच्या दगडाले पिवया रंग देतो.
पन हिवरधऱ्याच्या शायेच्या ग्राउंडवर
सव्वीस वर्सांत नऊ खेपा एच काढला तो म्याच.
इंग्रजीचं एकच अक्षर मले येते,
पन ते असं येते
का आभायातून वाचता आलं पाह्यजे.

आधी गोल. मधात खुटी, खुटीले दोर,
दोराच्या टोकाले मी.
चुना भिजवून टाकाचा. कोरडा राह्यला
त पंख्याच्या वाऱ्यानं मंत्र्याच्या आंगावर जाते.
(हे एकडाव झालं हाये. कोन्या सालात, ते सांगत नाई.)

पहाटे टँकर आला, धूय बसवाले.
द्वारकाबाई गुंड घेऊन पयत आली.
साहेब म्हने, हे जमिनीसाठी हाये.
ते म्हने, बरं. पेऊ द्या तिले.
अन् तठीच गुंडावर बसून राह्यली, पाहत.

मंग एकेक जमले. आगीची गाडी तालुक्याहून.
आरोग्य केंद्राची अँब्युलन्स,
तिच्यात बर्फाच्या डब्यात साहेबाच्या गटाचं रक्त, दोन पिशव्या.
म्या डायवरले पुसलं, माया गट कोनता असन गा?
तो म्हने, तुले कुठं उतराचं हाये काय?

वल्ला कडबा पेटवून धूर केला,
वारा कुठून येते ते वरच्याले समजाव म्हनून.
अकराचे बारा झाले. बाराचा एक.
धुरासाठी कडबा तीनडाव आनला.

एक वाजून वीस मिनिटानं उतरलं.
टोप्या उडाल्या, बँडवाल्याचा ढोल लोटत गेला,
साहेब गाडीत बसले, गाड्या सभेले गेल्या,
अन् ग्राउंडवर उरलो आमी: एक पोलीस, मी,
आन् पायलट. पोट्टाच होता, माया नातवाहून दहा वर्सानं मोठा.
म्हने, एच कोणी काढला? सरळ आहे.
तिडके साहेब म्हने, आमच्या विभागानं.

साहेब सभेले गेल्यावर तो निंबाखाली बसला.
म्या म्हनलं, हे सरकारचं हाये ना?
नाही काका, भाड्याचं. सरकारचं मुंबईले उभं हाये,
तास भरले का त्याले खोलाच लागते,
पुर्जा न् पुर्जा पाहाचा, पुसाचा, मंग बसवाचा.
मंत्र्याले घाई असो का काही,
तास भरले म्हनजे उडत नाई.
भाड्याचं तासावर हाये. उभं राह्यल्याचं वेगळं.
म्या गुडघा चोयला अन् गप बसलो.

त्याच्यापाशी एक वही होती. मिनिटामिनिटाची.
कुठून उडालं, कुठं टेकलं, किती तेल.
म्या म्हनलं, आमचं गाव लिवलं काय?
त्यानं बोट ठेवलं. सारं इंग्रजीत,
मुंग्यांची रांग जशी.
पन रांगेतली पह्यली मुंगी मी वयखली.

म्हनजे हिवरधऱ्याचं अक्षर बी तेच?
तो हासला. हो, तेच.
सव्वीस वर्सं मले वाटे, ते त्याहीचं हाये.

च्यारले सारे गेले. बिल झालं:
चुना नऊ पोते. लागले सहा.
सहाव्यात पसाभर उरला होता,
अन् एचची डावी टांग पंख्यानं उडाली होती.
म्या ते भरली, सावकाश, दोर न लावता.
मास्तर खिडकीतून म्हने, आता कायले?
म्या काही बोललो नाई.

खुटी उपटून सायकलीले बांधली.
बोरीची हाये, अजून सडली नाई.